टाकीचं झाकण

"टाकीला झाकण आहे का?" साहेबांनी विचारलं.

समोरचा बेकरीवाला गोंधळला. तो आला होता साहेबांकडून कराचं विवरणपत्र भरून घ्यायला. "कुठली टाकी?"

"घरची. पाण्याची."

"होतं की. गेल्या वर्षी तुटलं. आता पत्रा टाकलाय वरून. का हो साहेब, झाकणावरही कर बसला की काय?"

साहेब हसले नाहीत. वहीतल्या एका ओळीवर त्यांनी काट मारली आणि फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी बोट ठेवलं तिथे बेकरीवाल्याने सही ठोकली. कराचा कागद वाचून सही करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शेजारच्या टेबलावरून नवी हे पाहत होती. ऑफिसात तिला सगळे नवीच म्हणत. तिच्याआधीच्या दोन नव्या जुन्या व्हायच्या आतच पळाल्या होत्या. हिचे चाचणीचे तीन महिने आज संपत होते. ठेवायचं की नारळ द्यायचा, हे साहेब संध्याकाळी सांगणार होते.

नोकरी तिला हवीच होती. बाबांनी वर्षभर अंथरूण धरलेलं आणि घरात कमावते हात हिचेच. पण हे काम आपल्याला मानवतं का, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. औषधाची पावती दिसली की तिला औषध घेणारा दिसायचा आणि बेरीज चुकायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कागद वाचायचा. माणसं वाचायला लागलात तर हे काम आतून पोखरतं."

बोलायला काय जातंय! त्यांच्याच टेबलावर एक फोटो होता. पुढचे दोन दात पडलेली, निळी टोपी घातलेली मुलगी. तीच टोपी ऑफिसच्या दारामागे टांगलेली असे, अगदी खालच्या खुंटीवर, लहान हाताला पोचेल अशी.

"नात का, साहेब?" तिने एकदा विचारलं होतं.

"मुलगी. आठची आहे."

साहेबांनी साठी कधीच ओलांडली होती. उशिराचं शेंडेफळ असेल, म्हणून तिने विषय सोडून दिला.

दुपारी चष्मेवाल्यांची जुनी फाइल चाळताना तिचा हात थांबला. चष्मेवाले आणि त्यांची बायको, घरात दोघंच. मूल नाही, हे त्या बाईंनीच तिला सांगितलं होतं. पण गेल्या वर्षीच्या फॉर्मवर, अवलंबून असलेल्यांच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी, वय आठ.

तिने त्याआधीच्या वर्षाचा गठ्ठा सोडला. तिथे ती मुलगी एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या फॉर्मवर होती. वय आठ. त्याआधी एका शिंप्याकडे. तेव्हाही आठच. गठ्ठे सोडता सोडता ती एकोणीस वर्षं मागे गेली. दर वर्षी एक घर, दर वर्षी नवं, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात: झाकण पक्कं. कठडा आहे.

तिने चष्मेवाल्या बाईंना फोन लावला.

"मुलगी? आमच्या नशिबात कुठली!" बाई म्हणाल्या. "साहेब दाखवतात तिथे हे सही करतात. टाकीचं, गच्चीचं मात्र खोदून खोदून विचारलं होतं. आम्हाला वाटलं, घराची किंमत काढतायत."

नवीने फोन ठेवला. मुलीच्या नावावर सवलत लाटली असणार, दुसरं काय! तिने सवलतीचा रकाना पाहिला. रिकामा. एकोणीसच्या एकोणीस रिकामे. चोरी म्हणावी, तर चोराने काही नेलंच नव्हतं.

तरी खोटं ते खोटंच. उद्या तिलाही असल्या कागदांवर तपासल्याची सही करावी लागणार होती. घरी काय सांगायचं ते नंतर बघू, असं ठरवून तिने राजीनामा लिहिला आणि पाच वाजता तीन फायली काखोटीला मारून ती साहेबांसमोर उभी राहिली.

"बसा," साहेब म्हणाले. "तुमचाच फॉर्म भरतोय. स्टाफचे मीच भरतो. घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा. पण साहेब, मला..."

"दिवसभर घरी कोण?"

"आईच. बाबांपाशी."

"रागावते?"

"आई?" नवीला नको असताना हसू आलं. "मुंगीवर पाय पडला तरी हळहळते."

"पाण्याची टाकी?"

"नाहीये. नळाखाली बादली ठेवतो."

साहेबांचं पेन थांबलं. "टाकीच नाही?"

"नाही."

त्यांनी इतका लांब श्वास सोडला की समोरचा कागद हलला. मग बराच वेळ ते लिहीत राहिले.

"तुम्ही माणसं वाचता," शेवटी ते म्हणाले. "मी बघत होतो तीन महिने. उद्यापासून तुम्ही कायम. सही करा."

नवीने फायली मांडीवर ठेवल्या, फॉर्म ओढला आणि कोणी वाचत नाही तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला. नाव. पत्ता. अवलंबून असलेले: वडील. आई. मुलगी, वय आठ.

तिने मान वर केली. साहेब दारामागच्या खुंटीपाशी गेले होते. निळी टोपी काढून त्यांनी तळहाताने झटकली, आणून तिच्या मांडीवरच्या फायलींवर ठेवली.

"शहाणी आहे. त्रास देणार नाही," ते म्हणाले. "फक्त तिला पोहता येत नाही."