जुना दांडा

"कुणाच्या हातासाठी?" आठवडी बाजारातल्या लोहारणीने विचारलं. मी तिच्याकडची सगळ्यांत जड कुऱ्हाड उचलून बघत होते.

"बाबांच्या. दरवर्षी आम्ही तंबू घेऊन रानात राहायला जातो. चुलीची लाकडं तेच फोडतात." मग खरं सांगावंच लागलं. "यंदा झटका आल्यापासून उजव्या हातात जोर नाही."

"मग ही कशाला धरलीय?" तिने ती काढून घेतली आणि निम्म्या वजनाची पुढे केली. "ही न्या."

"एवढीशी बघून ते हातसुद्धा लावायचे नाहीत."

नमुना म्हणून आणलेली बाबांची जुनी कुऱ्हाड माझ्या पिशवीत होती. लोहारणीने ती मागून घेतली, जड पातं ठोकून सोडवलं आणि बाबांच्या मुठीने गुळगुळीत झालेल्या त्याच दांड्यावर हलकं पातं पाचर मारून बसवलं.

"दांडा त्यांचाच हाय. धार लावून आणली म्हणून सांगा."

मी तसंच सांगितलं. संध्याकाळी तळ्याकाठी बाबांनी कुऱ्हाड दोनदा हातात तोलली आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला ओंडका फुटला. चहा उकळेपर्यंत ते पात्यावरून अंगठा फिरवत बसले होते. मी चुलीत फुंकर मारत राहिले.

"धार झकास लावलीय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही त्याच लोहाराकडे ने."

चहाचा घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "त्याला सांग, अजून थोडं लोखंड झिजव."