चौथं टिंब

तळटीप क्रमांक दोनशे तेरापाशी लोर्ना प्रुइट सकाळपासून अडून बसली होती. बाकीच्या चारशे टिपा तपासून झाल्या होत्या आणि दुपारी तीनला अंक छपाईला जायचा होता.

प्राध्यापकांनी लिहायचं आणि विद्यार्थ्यांनी ते ओळीओळीने तपासायचं, असा विधी महाविद्यालयाच्या या नियतकालिकाचा उफराटा कारभार. प्रत्येक अवतरणाचा मूळ कागद मिळवायचा, शब्दाला शब्द लावून बघायचा आणि तक्त्यातल्या ‘मूळ वाचलं’ या चौकटीत फुली मारायची. दोनशे तेराची चौकट कोरी होती.

प्रोफेसर हेंडरशॉट यांचा लेख भाडेकरूंवर होता. पूर्वी या राज्यात घरं रिकामी झाली ती बळजबरीनं नव्हे, राजीखुशीनं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आजच्या भाडेकरूंना कायद्याचं संरक्षण हवं कशाला? पुढच्या महिन्यात विधानसभेची समिती नेमकं हेच ठरवणार होती, आणि लेखाची तिथे वाट बघत होते. पुरावा म्हणून सरांनी मिनर्व्हा टॅगर्ट नावाच्या बाईची सत्तर वर्षांपूर्वीची जबानी दिली होती: ‘मी घर माझ्या मर्जीनं सोडलं...’

जबानीची प्रत लोर्नानं जिल्हा न्यायालयातून मागवली होती. ती आज सकाळी आली. तिच्यात लिहिलं होतं: ‘मी घर माझ्या मर्जीनं सोडलं असं त्यांच्या कागदावर होतं. मला वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे मी फुली मारली.’ खाली सहीच्या जागीही एक वाकडी फुली होती.

लोर्नानं ते चार वेळा वाचलं. एका न्यायाधीश बाईंकडे वर्षभराची नोकरी मिळावी म्हणून तिच्यासाठी शिफारसपत्र लिहिणार होते ते हेच हेंडरशॉट सर. ती नोकरी मिळाली की पुढची दारं आपोआप उघडतात, हे सगळं महाविद्यालय जाणून होतं.

आणि नेमके सर दारात उभे राहिले. हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच, चेहऱ्यावर हसू.

“लोर्ना, तुझं पत्र तयार आहे बरं का. संध्याकाळी सही करून टाकतो.”

“सर, दोनशे तेरामध्ये...” तिनं प्रत पुढे केली.

सरांनी उभ्याउभ्याच वाचलं. “मग? माझ्या पदरचा एक शब्द तरी घातलाय का मी?”

“नाही सर. पण काढलेत.”

“म्हणून तर टिंबं दिलीत.” सरांचा आवाज अगदी समजूतदार होता. “टिंबं दिसली की वाचणाऱ्याला कळतं, पुढे काही गाळलंय. ज्याला हवं त्याने न्यायालयात जाऊन शोधावं. मतं माझी, जबाबदारी माझी. तुम्ही टिंबांपुरतं बघा.”

दाराशी जाऊन ते वळले. “त्या पत्राचं बघतो मी संध्याकाळी. जमलं तर.”

ते गेल्यावर पलीकडच्या टेबलावरून ग्रॅहम उठून आला. तो मुख्य संपादक, शेवटच्या वर्षाचा. नियमांची जाडजूड पुस्तिका त्याला तोंडपाठ होती.

“दाखव. त्यांना मी सांभाळतो.”

लोर्नाच्या जिवात जीव आला. त्यानं लेखाचं पान आणि जबानीची प्रत शेजारीशेजारी ठेवली, दोन्हींवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

“चूक आहे. तुझं बरोबर आहे.”

“आहे ना? मला वाटलं, मलाच...”

“इथे टिंबं तीनच आहेत. वाक्याचा शेवट गाळला की चार लागतात. तीन गाळलेल्या शब्दांची, एक पूर्णविरामाचं. एवढे मोठे प्रोफेसर, आणि हे माहीत नाही.”

तो चेष्टा करत नव्हता.

“ग्रॅहम, ती बाई उलटं सांगतेय.”

“वाचलं मी.” त्यानं नजर पानावरच ठेवली. “त्यांचा लेख काढला तर अंकात उरतं काय? आणि आपलं ऐकणार कोण, दोन पोरांचं? तुझं पत्र अजून त्यांच्या खिशात आहे. एक टिंब वाढव आणि मोकळी हो.”

पावणेतीन झाले होते. लोर्नानं पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तिला स्वतःची शिसारी आली, पण हात थांबला नाही. तिनं चौथं टिंब दिलं. नियमाप्रमाणे अंतर सोडून, नेमकं.

ग्रॅहमनं पान उचलून डोळ्यांजवळ नेलं. “झकास. आता बोट ठेवायला जागा नाही.” मग त्यानं तक्ता तिच्यापुढे सरकवला आणि कोऱ्या चौकटीवर बोट टेकवलं. “इथे फुली राहिलीय. मूळ नीट वाचलंयस ना?”

“वाचता येतं मला,” लोर्ना म्हणाली आणि तिनं त्याच्या बोटाशेजारी फुली मारली.