चौथा घुमट

अनसिंगच्या स्टँडवर हेमसिंग कंडक्टरने बिस्किटांचा पत्र्याचा डबा एसटीच्या खिडकीतूनच विमलबाईच्या हातात दिला. डबा जड लागला. पंधरा दिवसांपूर्वी तिने पाठवला तेव्हा त्यात एकच वस्तू होती. मण्यांचा स्तूप, आणि तोही बसका.

शिरपूर, वाशीम, हेमसिंगचा तांडा आणि अनसिंग, अशा चार ठिकाणच्या चौघींमध्ये हा डबा फिरायचा. कोणी मण्यांचा पोपट करून पाठवी, कोणी बंगला, तर कोणी कानाच्या जागी शेपूट निघालेला ससा. चौघींपैकी दोघींनी तर एकमेकींना कधी पाहिलंही नव्हतं. नियम दोनच होते. डबा रिकामा पाठवायचा नाही, आणि बिघडलेली वस्तू लपवायची नाही. दुसरा नियम पाळणं फार जिवावर येतं, पण विमलबाईने पाळला होता; कोणत्या फेरीला किती मणी, तेही चिठ्ठीत लिहून दिलं होतं.

बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती. या वर्षी विहारात मूर्तीपुढे माझ्या हातचा स्तूप ठेवीन, असं ती सगळ्या वस्तीसमोर बोलून बसली होती. पांढरे मणी, तंगुसाचा नायलॉन दोरा, खालून वर सोळा फेऱ्या. आणि शेवटी वरची गाठ ओढली की घुमट मधोमध खाली जायचा. तीनदा केला, तीनदा बसला. तिचा नवरा इंद्रभान गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. पाया भक्कम धर म्हणजे वरचं आपोआप उभं राहतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आणि झालेली वस्तू पाहून, लोणच्याला वाटी बरी झाली, असंही तोच म्हणाला होता.

स्टँडवरच्या हॉटेलच्या बाकावर बसून तिने झाकण काढलं. वर तिचाच पांढरा घुमट होता, गेला तसाच बसका. त्याच्याखाली एक लाल घुमट. त्याच्याखाली एक निळा. दोन्ही मधोमध बसलेले.

इंद्रभान बशीतून चहा पीत होता. त्याने वाकून पाहिलं.

"तीन वाट्या झाल्या," तो म्हणाला. "आता पंगतच बसव."

लाल घुमटात शिरपूरच्या कस्तुराबाईची चिठ्ठी होती. "बाई, तुह्या आकड्यांनी मीबी केला. माहाबी बसला. म्हंजे तुहा हात चुकला नाई, रीतच चुकली."

निळा घुमट वाशीमच्या जमनाबाईचा. तिने लिहिलं होतं की तिने दर फेरीला दोन मणी कमी घेऊन पाहिले, तरी गाठ ओढल्याबरोबर घुमटाने मान टाकली आणि तिला इतकं हसू आलं की शेजारीण पाहायला आली.

विमलबाईलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. पंधरा दिवस ती मनातल्या मनात मेल्यासारखी होऊन बसली होती. इकडे दोन बायांनी पदरचे मणी घालून तिची चूक स्वतःच्या हाताने करून पाहिली होती. सख्ख्या बहिणींनी एवढं केलं नसतं.

डब्याच्या तळाशी कापसात गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं.

तिने कापूस सोडवला. लाल, पिवळे, हिरवे, कुठल्या तरी जुन्या माळेचे मणी. लिंबाच्या फोडीएवढा घुमट, पण उभा. तिने बोटाने दाबला. तो खाली गेला आणि बोट काढताच टुणकन वर आला. चिठ्ठी नव्हती. तांड्यावरच्या रामीबाईला लिहिता येत नव्हतं.

विमलबाईने तो उलटा केला, सुलटा केला. मग चारही घुमट बाकावर ओळीने मांडले. पहिल्या तिन्ही घुमटांची गाठ डोक्यावर होती. रामीबाईच्या घुमटाच्या डोक्यावर गाठच नव्हती, नुसता एक मणी. दोऱ्याचं टोक खालच्या काठाला होतं, आणि ते तिने कापलं नव्हतं. दिसावं म्हणून वीतभर तसंच सोडलं होतं.

"हिनं डोक्यापासून धरला," विमलबाई हळूच म्हणाली.

चहा घ्यायला आलेला हेमसिंग म्हणाला की त्यात नवल ते काय, तांड्यावरच्या बाया गोंडासुद्धा वरूनच धरतात.

तिने मग वेळ घालवला नाही. आपल्या पांढऱ्या घुमटाची गाठ दातांनी तोडली आणि दोरा ओढला. मणी सरसर पदरात उतरले. काही बाकाखाली गेले. ते वेचायला इंद्रभान ओणवा झाला, आणि वरून खाली येणारं बांधकाम मी जिंदगीत पाहिलं नाही, असं तिथूनच पुटपुटला. तोवर तिने एक मणी ओवला, त्याच्याभोवती पाच घेतले, आवळले. पुढच्या फेरीला दहा. आवळले. बाटलीच्या टोपणाएवढाही नव्हता, पण तळहातावर ठेवल्यावर तो इवलासा घुमट उभा राहिला.

एसटी परत फिरायला निघाली. हेमसिंगने डबा रिकामाच न्यायचा का, असं विचारलं. विमलबाईने दोन फेऱ्यांचा तो घुमट कापसात ठेवला, वर कस्तुराबाईचा आणि जमनाबाईचा ठेवला आणि झाकण लावलं. रामीबाईचा मात्र तिने ठेवून घेतला. पदरातल्या मण्यांत पौर्णिमेपर्यंत अख्खा स्तूप होणार होता.

हेमसिंगने डबा काखेत घेतला. झाकणाच्या फटीतून वीतभर दोरा लोंबत होता.

"बाई, दोरा बाहीर राह्यला," तो म्हणाला.

"राहू द्या भाऊ. रामीबाईले तोच वाचता येते."