छगनची शिफारस

पारनेरच्या कोर्टात वृषाली वकिलांचं नाव मोठं, तरी दिवाळीपासून नवा पक्षकार काही त्यांच्या ऑफिसची पायरी चढेना. संशय एकाच माणसावर: त्यांच्याच हाताखाली शिकून आता समोर टेबल मांडून बसलेला नितीन. तोच माणसं फोडत असणार! गावोगावची माणसं वकिलाची चौकशी चहावाल्या छगनकडे करतात, म्हणून त्या थेट तिथंच गेल्या. छगन त्यांचा जुना पक्षकार. वडिलांच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणीविरुद्धची त्याची केस त्यांनीच दिवाळीच्या तोंडावर जिंकून दिलेली.

“छगनराव, खरं सांगा. नितीन लोकांचे कान भरतो ना?”

“त्यो कशाला भरंल? लोक मलाच इचारत्यात.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“तुमचंच नाव घेतो की, मॅडम! म्हंतो, जिंकायचं आसंल तर मॅडमकडंच जा. माज्या बहिनीला मॅडमनी भर कोर्टात इचारलं, भावाच्या घरी आजवर कितींदा जेवलात ते सांगा. बाई रडायलाच लागली, म्हनली नको मला वाटा. तितंच जिंकलो आपन.” त्यानं चहाचा कप पुढं सरकवला. “तवापास्नं ती माज्या घरचं पानीबी पेत न्हाई, ह्येबी सांगतो. मंग लोक चा पित्यात, आन एस्टी धरून माघारी जात्यात.”