शेवंता बनसोड, वय चाळीस

“शेवंता बनसोड, उमर चालीस.”

काउंटरवरच्या भैयाने नाव पुकारलं आणि सोळा वर्षांची पायल उठली. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला होता म्हणून निभलं. अठराच्या आत असलं की सोबत आईवडील लागतात, हे तिला परवा तपासणीसाठी रक्त द्यायला आल्यावर कळलं होतं. तेव्हा फॉर्मवर तिने सरळ आईचं नाव ठोकून दिलं. मोबाइल नंबरही आईचाच. पाठ तेवढा एकच होता.

रायपुरात लॅब काय कमी आहेत? पण रेल्वे कॉलनीजवळ कुठेही जा, ओळखीचं कोणीतरी निघतंच. म्हणून फोनवर शोधून शोधून तिने ही बीरगांवची लॅब काढली. बाकावर उरल्याच्या कारखान्यांतले कामगार, बाहेर ट्रक, सगळ्यांच्या चपलांवर तीच काळी धूळ. इथे कोण ओळखणार?

ओठावर फोड येऊन आठ दिवस झाले होते. त्याआधी पायल म्हणजे खो-खोची कॅप्टन, भाषणाला सगळ्यात आधी हात वर. आता ती शेवटच्या बाकावर बसत होती. कोणाचा मुका घेतला गं, असं शर्मिष्ठाने भर वर्गात विचारलं, तेव्हा सगळ्या हसल्या. पायलही हसली, तोंडावर हात ठेवून. मुका कोणाचाच घेतला नव्हता. पण मॅचच्या दिवशी मुलांच्या टीममधल्या अभिनवच्या बाटलीला तोंड लावून ती पाणी प्यायली होती, आणि ते तिला आवडलं होतं. लाज त्याची होती.

त्याहून जास्त आईची. फोड पाहिले तेव्हा आईची पोळी तव्यावरच करपली. ती खाली बघून एवढंच म्हणाली, “कोनाले सांगू नको, पोट्टे.” तेव्हापासून ती पायलच्या नजरेला नजर देत नव्हती. काय समजायचं ते आई समजली, असं पायलला वाटलं. रिपोर्ट साफ निघाला तर तो आईसमोर आपटायचा होता.

रिपोर्ट साफ नव्हता. भैयाने समजावलं, घाबरायचं नाही, हे हर्पीस पुष्कळांना असतं. घरचेच लाडाने मुके घेतात, उष्टं भरवतात, त्यातून लहानपणीच लागतं आणि कधीतरी वर येतं. मग तो स्क्रीनकडे बघत थांबला.

“पर आपने दुबारा क्यों कराया? छह साल पहले यहीं तो कराया था. तब भी यही निकला था.”

सहा वर्षं. म्हणजे पायल पाचवीत. त्याच वर्षी आईचा पेला वेगळा झाला. खिडकीत, पालथा. त्याच वर्षी आईने तिचे मुके घेणं सोडलं. पायल पेपरला निघाली की आई नुसती गालांवरून हात फिरवून बोटं मोडायची. आपण मोठे झालो म्हणून असेल, असं पायल धरून चालली होती.

घरी आई मेथी निवडत होती. पायलने स्कार्फ सोडला. खिडकीतला पेला घेतला, माठातून भरला आणि तोंड लावून गटागटा प्यायली.

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. “ठेव तो. माहा पेला हाय.”

“मालूम आहे,” पायल म्हणाली. पेला तिने विसळला आणि बाकीच्या पेल्यांत नेऊन ठेवला. “आता काहून वेगळा ठेवतं, आई?”