ज्यांनी अर्ज केला

मळ्यातली गांजाची झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा ॲन्सेल फ्रॉइंड त्यांच्यासाठी कॉफी करत होता. सात जण होते, कोयते आणि यांत्रिक करवती घेऊन आलेले. त्यांच्या मागे फाईल छातीशी धरून वर्ना टिबेट्स उभी होती. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, गांजा नियमन खात्याची ती एकुलती एक अधिकारी. ॲन्सेलने सगळ्यांसाठी कप मांडले. तिच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. तिचा नवरा जिवंत होता तेव्हापासून ती या स्वयंपाकघरात कॉफी पीत आली होती.

गांजा कायद्यात बसला आणि वर्नाला हे खातं मिळालं, तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियाच्या त्या डोंगरातलं कुणी तिच्या दारात फिरकलं नव्हतं. तीस-तीस वर्षं लपून पिकवणारी माणसं ती. सरकारी गाडी दिसली की कुत्री सोडायची. परवान्यासाठी पहिला अर्ज ॲन्सेलने आणला. आयुष्यभर पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की झाडीत लपत आलो, तो म्हणाला, आता मरण्याआधी एक तरी पीक उजळ माथ्याने काढायचंय. मग शेजारपाजारच्या अकरा जणांच्या मागे लागून त्याने त्यांनाही तिच्या टेबलापाशी आणलं. वर्ना आपली आहे, एवढंच तो सांगायचा.

बाराही अर्जांत सगळं होतं. नव्हतं ते एक पत्र. ओढ्याचं पाणी वापरायची मुभा देणारं ते पत्र राज्याच्या दुसऱ्या खात्याकडून यायचं, आणि त्या खात्याने चार वर्षांत एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

यंदा काउंटीच्या सभेने वर्नाला बजावलं, बिनपरवाना मळे किती उखडले ते डिसेंबरपर्यंत दाखव, नाहीतर खातं बंद. तिने हा प्रश्न गुरुवारी मांडला. दर गुरुवारी दुपारी राज्यभरातले तिच्यासारखे चौदा-पंधरा अधिकारी संगणकाच्या पडद्यावर जमायचे. एकमेकांना नमुन्याची पत्रं द्यायचे, नियमांचे अर्थ लावून द्यायचे, कुणाला रडू आलं तर थांबायचे. गावात वाण्याच्या दुकानातही तिच्याशी कुणी धड बोलत नसे. हा तेवढा आधार होता. त्यांच्यातला सगळ्यांत जुना रॉस्को डेलापाझ. त्याने विचारलं, तुझ्याकडे अर्धवट अर्ज किती पडलेत? ती म्हणाली, बारा.

"मग रानात शोधत कशाला फिरतेस, वर्ना? ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्यापासून सुरू कर. ते बंदूक घेऊन उभे राहत नाहीत."

कुणी हसलं नाही. दोघांनी माना डोलावल्या. एकीने नोटिशीचा मसुदा तिथल्या तिथे पाठवून दिला.

दुपारपर्यंत ॲन्सेलचा मळा भुईसपाट झाला. कापणीला तीन आठवडे राहिले होते. ओल्या चिकाचा उग्र वास अंगणभर कोंडला. ट्रक भरताना एक फांदी खाली पडली, ती ॲन्सेलने स्वतः उचलून वर टाकली. मग तो वर्नाजवळ आला.

"पलीकडच्या खोऱ्यातल्यांचं काय? त्यांनी तर कधी अर्जच केला नाही."

"त्यांचे पत्ते आमच्याकडे नाहीत," वर्ना म्हणाली.

त्याने मान हलवली, उत्तर पटल्यासारखी.

पुढच्या गुरुवारी तिने हे सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. सगळे फार मायेने बोलले. दक्षिणेकडची एक अधिकारी म्हणाली, अशा दिवशी सगळ्यांत जास्त सोसावं लागतं ते आपल्यालाच, बाहेरच्यांना ते कळत नाही. ॲन्सेलचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. रॉस्कोने तिला वार्षिक मेळाव्यात भाषण करायला बोलावलं. विषय, शेतकऱ्यांचा विश्वास कसा मिळवावा. वर्नाने डोळे पुसले आणि हो म्हणाली. उरलेल्या अकरा जणांचे मळे उखडायच्या तारखाही त्याच बैठकीत ठरल्या. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ॲन्सेल कचेरीत आला. आता हा बोलणार, आणि बोलू दे, असं तिला वाटलं. पण त्याने हातातलं खोकं टेबलावर ठेवलं. आत अकरा फायली होत्या.

आठवडाभर तो घरोघर हिंडला होता. लोक घाबरले होते, दोघं तर अर्ज मागे घ्यायला निघाले होते. त्याने त्यांना थांबवलं. चूक माझीच, असं त्याने सांगितलं होतं. पाण्याच्या पत्रासाठी मी पाठपुरावा केला नाही, अर्जाला जोडलेला माझा नकाशाही जुना होता, ती बिचारी काय करणार. म्हणून या सगळ्यांनी कागद नव्याने केले होते. ते पत्र तेवढं अजून यायचं होतं.

"आता यांना काही होणार नाही ना?"

हे घेऊन जा, आणि त्यांनाही सांग अर्ज मागे घ्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही होते.

"ठेवून जा, ॲन्सेल," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला, आभार मानले आणि तो गेला. वर्नाने खोकं पुढे ओढलं आणि एकेक फाईल उघडली. नकाशे नवे होते, सुबक होते. तिला रस्ता चुकू नये म्हणून प्रत्येकाने घरापर्यंतचं वळण न् वळण काढलं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत फाटकाच्या कुलपाचा आकडा लिहिला होता.