ओरिनची पेटी

"पेटी उघडायची, आत कोण आहे ते लिहायचं, मगच हलवायची. तुम्हीच पाठ करून घेतलंत आमच्याकडून, जजसाहेब," कारकून होबार्ट म्हणाला.

जज थॅक्स्टन यांनी कोटाची रिकामी डावी बाही खिशात पुन्हा खोचली.

समोर केझायामावशी बसली होती, सत्त्याहत्तर वर्षांची. गावचा ओढा जुनी दफनभूमी खात चालला होता. लोकांनी आपापल्या माणसांच्या शवपेट्या टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत नेल्या. मावशीचा मुलगा ओरिन तेवढा खाली राहिला. त्याची पेटी हलवायचे तिचे दोन अर्ज जजसाहेबांनी नुसते बाजूला ठेवले होते.

"बर्फ वितळलं की वाहून जाईल तो, कॅप्टन," ती म्हणाली. अख्ख्या ओहायोत तीच एकटी त्यांना अजून कॅप्टन म्हणायची. "वर माझ्या शेजारी जागा ठेवलीय त्याला. आणि मला आता फार दिवस नाहीत."

"तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवून जाल, मावशी."

"राहू द्या. वकील होतात तेव्हाही तुम्हाला थापा जमत नव्हत्या."

वकिली सोडून ते गावातली चाळीस पोरं घेऊन लढाईवर गेले होते. ओरिनला परत आणीन, असा मावशीला शब्द दिला होता. आणलं. गाडीत खिळे ठोकलेली पेटी, स्वतःच्या रिकाम्या बाहीला टाचणी. "तोफेचा गोळा पडला. मी शेवटपर्यंत त्याचा हात धरून होतो," एवढंच बोलले. उन्हाळा आहे, उघडू नका म्हणाले.

त्याला वीस वर्षं झाली. दर रविवारी मावशी तिथे बसून माती थोपटायची.

"लिही, होबार्ट," जजसाहेब म्हणाले. "पेटी उघडायची नाही. आत ओरिन प्रुइट आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय, शपथेवर सांगतो."

होबार्ट बघतच राहिला. खोट्या शपथेसाठी या माणसानं स्वतःच्या मेव्हण्याला तुरुंगात धाडलं होतं. पण कागदावर लिहिलं तसंच. जजसाहेबांनी सही केली.

होबार्ट शिक्का आणायला आत गेला.

मावशी काठी टेकत उठली, टेबलाला वळसा घालून आली. रिकाम्या बाहीच्या खांद्यावर तिनं तळवा ठेवला.

"तेव्हा तुमची गाडी वळली आणि मी खिळे काढले होते, कॅप्टन."

जजसाहेबांचा उजवा हात रिकाम्या बाहीकडे गेला.

"माझ्या पोराला शेवटपर्यंत धरून होता, तोच हात ना तो? वीस वर्षं थोपटतेय मी त्याला," ती म्हणाली. "थंडीत अजून ठणकतो का हो?"